सुपाआडचा सिनेमा

आमच्या गृहसंस्थेत शनिवारच्या चित्रपटातून एखादा गृहस्थ अर्ध्यावर उठला, तर आजही मागून कोणीतरी म्हणते, "पिरंगुटला उतरले." नव्याने राहायला आलेली मंडळी एकमेकांकडे पाहतात. गृहसंस्था पिरंगुटच्या पुढे, पौड रस्त्यावरून आत आहे. हिरवळीवरून उठून समोरच्या इमारतीत गेलेला माणूस पिरंगुटला कसा उतरेल, हे त्यांना कळत नाही. समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे येते, कारण जुन्या सांस्कृतिक समितीतला मी एकटाच रिकामा माणूस आहे. मी थोडक्यात सांगतो. थोडक्यात सांगून तात्या समजत नाहीत. तात्या आता नाहीत. म्हणून हे लिहिले.

तात्या म्हणजे तुकाराम ढमाले. आमच्या इमारती ज्या जमिनीवर उभ्या आहेत ती त्यांची भातखाचरे होती. मोबदल्यात त्यांना सदनिका मिळाल्या. तळमजल्यावरच्या एकीत ते एकटे राहत. समोरच्या दारात मुलगा संजय, सून आणि नात सई. वर राहायला जा, हवा चांगली येते, असे त्यांना अनेकांनी सुचवले. ते म्हणत, "वरनं आपलंच वावर परक्याचं वाटतं." पोहण्याचा तलाव बांधून झाला तेव्हा बिल्डरच्या माणसाने तो त्यांना मोठ्या अभिमानाने नेऊन दाखवला. तात्या काठावर उभे राहिले आणि म्हणाले, "हितं पानी आदीपासनंच साचायचं. तुमी फरशी लावलीया."

शेतकरी ते अर्धेच. पोटाचा उद्योग लाल गाडीवर कंडक्टरचा. स्वारगेट ते ताम्हिणी हा रस्ता त्यांनी निवृत्त होईपर्यंत उलटा पाहिला, कारण कंडक्टर गाडीत प्रवाशांकडे तोंड करून उभा असतो. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. लग्नात ते वधूवरांकडे पाठ करून वऱ्हाडाकडे पाहत. कीर्तनात बुवांकडे पाठ. गृहसंस्थेच्या सर्वसाधारण सभेत अध्यक्ष भाषण करत असताना तात्या त्यांच्या शेजारी उभे राहून सभासदांचे चेहरे न्याहाळत. अध्यक्षांना तो अपमान वाटला आणि त्यांनी तसे बोलून दाखवले.

"आपमान कशाचा?" तात्या म्हणाले. "डायवर रस्ता बगतो, कंडक्टर मानसं बगतो. दोगांनी बी रस्ताच बगितला, तर कोन चढलं आन् कोन पडलं, कुनाला कळनार?"

अध्यक्षांनी पुढचे भाषण आटोपते घेतले. तो तात्यांचा गृहसंस्थेवरचा पहिला उपकार.

शनिवारी संध्याकाळी सर्व कुटुंबांनी हिरवळीवर एकत्र बसून चित्रपट पाहावा, ही कल्पना सौ. रेवती काळे यांची. त्या मूळच्या अकोल्याच्या, हिंजवडीत मोठ्या पदावर. पालकत्वावर त्यांचा दांडगा अभ्यास होता. मूल एकच होते. सांस्कृतिक समितीत त्या, मी आणि आणखी दोघे होते. मी पाटबंधारे खात्यातला निवृत्त अभियंता. संस्कृतीशी माझा संबंध नाही. समिती निवडण्याच्या सभेला मी गैरहजर होतो, एवढी पात्रता पुरली.

चित्रपट निवडण्याची पद्धत लोकशाहीची होती. कोणीही सुचवावा, एकाही पालकाचा आक्षेप आला तर वगळावा. एका चित्रपटात आजोबा विडी ओढत होते. वगळला. एकात आई सबंध वेळ स्वयंपाकघरात होती. वगळला. दुसऱ्यात ती स्वयंपाकघरात फिरकतच नव्हती. त्यावर दुसऱ्या पालकांचा आक्षेप आला. एकात मुलगा शाळा चुकवतो आणि त्याला शिक्षा होत नाही. एकात होते. एकात भूत होते. भुताला हरकत नव्हती, पण ते गावंढळ बोलत होते आणि मुलांच्या उच्चारांवर परिणाम झाला असता. वगळता वगळता हत्तींच्या जीवनावरचा माहितीपट तेवढा उरला. हत्तींविषयी कोणाचे काही म्हणणे नव्हते. ज्या चित्रपटाला कोणाचाच आक्षेप नाही तो कोणालाच पाहायचा नसतो, हा सिद्धान्त मला तेव्हा समजला. समितीला समजायला हत्ती यावे लागले.

त्या शनिवारी सारी गृहसंस्था चटया घेऊन उतरली. थोड्याच वेळात मुले घसरगुंडीकडे गेली, त्यांचे आईबाप मोबाइलमध्ये गेले आणि ज्येष्ठ नागरिक झोपेत गेले. मी खुर्चीवर होतो. शेजारच्या पायरीवर, प्रोजेक्टरच्या मेजाला टेकून, पडद्याकडे पाठ करून तात्या बसले होते. वायरीत कोणाचा पाय अडकू नये, ही जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली होती. मांडीवर सूप होते. एक खाचर त्यांनी विकले नव्हते; त्यातले घरापुरते तांदूळ ते संध्याकाळी हिरवळीवर बसून पाखडत. त्याबद्दल गृहसंस्थेने त्यांना लेखी समज दिली होती. ती त्यांनी सुपाखाली ठेवली होती.

"गाडी रिकामी चाललीया, साहेब," ते मला म्हणाले.

तेवढ्यात पडद्यावर दोन हत्ती एकमेकांच्या फार जवळ आले. निवेदकाने ऋतूचा उल्लेख केला. पुढे काय होणार हे मोठ्यांच्या ध्यानात आले. सौ. काळे ताडकन उठल्या.

"अहो, कोणीतरी पॉज करा ना! मुलं आहेत इथे!"

मुले नव्हती. ती हाक ऐकून आली. रिमोट कोणाकडे होता ते कोणालाच ठाऊक नव्हते. तात्यांनी वळून पडद्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी सौ. काळ्यांचा चेहरा पाहिला, सूप उचलले आणि प्रोजेक्टरच्या भिंगापुढे धरले.

अंधार झाला. आवाज चालूच होता.

"बाबा, काय चाललंय?" काळ्यांच्या आर्यने विचारले.

"हत्ती भांडतायत," श्री. काळे म्हणाले.

एक प्रचंड चीत्कार झाला.

"कोण जिंकलं?"

श्री. काळे विचारात पडले. "अजून ठरायचंय," ते म्हणाले.

हिरवळीवर जो हशा उठला त्याने झोपलेले जागे झाले. सुपाआड काय चालले असावे यावर मुलांनी एकाहून एक तर्क लढवले. एकीच्या मते हत्तीच्या पायात काटा गेला होता. दुसऱ्याच्या मते त्यांना आंघोळ घालत होते. मोठी माणसे डोळे पुसत होती. तात्यांनी सूप खाली घेतले तेव्हा लहानथोर सगळे पडद्याकडे तोंड करून बसले होते.

"भरली," तात्या मला म्हणाले.

पुढच्या सभेत सौ. काळे यांनीच त्यांना समितीवर घेतले. वगळावे लागणारे चित्रपट आता झाकता येणार होते. लोकशाहीला सुपाचा आधार मिळाला. तात्यांनी पद स्वीकारले आणि का स्वीकारले तेही भर सभेत सांगितले.

"लोकांचं लोकं बगतील. माजा संजा आन् माजी सई येका चटईवर बसून येक पिक्चर शेवटापातूर बगत्यात का, येवढंच मला बगायचंय. येका घरात तीन खोल्या, तीन खोल्यांत तीन पिक्चर, आन् मदी भिंती. जेवताना बी त्येच्या कानाला फोन."

संजय तिथेच मागे उभा होता. फोनवर होता. त्याने ऐकले नाही.

संजय ढमाले हा वाईट मनुष्य नव्हे. धरणाकडच्या बाजूला शेतघरांचे तुकडे विकणे हा त्याचा धंदा. ज्या तुकड्यावरून पाणी दिसत नाही तिथून पाणी दिसते असे तो सांगत नसे. पाणी "जाणवते" असे सांगे. गिऱ्हाईकाला तो "पार्टी" म्हणतो. पार्टीचा फोन केव्हाही येतो. शनिवारी तो सईबरोबर चटईवर येऊन बसे, कारण वडिलांचा धाक होता. फोन वाजला की वाकून, पडद्यावर सावली पडू न देता, फाटकाकडे जाई. परत येत नसे.

तात्या ते पाहत, कारण ते पडद्याकडे पाहतच नव्हते. चित्रपटाची लांबी ते मिनिटांत मोजत नसत. सुरुवात म्हणजे स्वारगेट. मग चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट. मध्यंतर म्हणजे पौड, कारण तिथे गाडी चहाला थांबते. नंतर मुळशी, आणि शेवट म्हणजे ताम्हिणी. रविवारी सकाळी ते मला फाटकापाशी गाठत आणि हिशेब देत.

"काल भूगावलाच उतरला."

पुढल्या रविवारी, "पिरंगुट."

एकदा अत्यंत उल्हासाने, "पौडला च्या पिऊन परत गाडीत बसला! मंग मुळशीच्या आदी उतरला. पन बसला!"

महिन्याभरात ही मोजपट्टी साऱ्या गृहसंस्थेने उचलली. भाषा म्हणून आमच्या मुलांनी मराठीतून जे काही उचलले आहे त्यात ही एक गोष्ट शुद्ध आहे.

चित्रपट पारखण्याची तात्यांची एक रीत होती आणि तिच्यात मला जागा होती. गुरुवारी सई शाळेतून आली की तात्यांच्या घरी तिला एका खुर्चीवर आणि मला दुसऱ्या खुर्चीवर बसवत. शनिवारचा चित्रपट आमच्यापुढे लावत. स्वतः टीव्हीला पाठ लावून, स्टुलावर, आमच्याकडे तोंड करून बसत. सई उठून पाणी प्यायला गेली किंवा माझी हनुवटी छातीला टेकली, तर चित्रपट नापास. सई हसली आणि मी हसलो नाही, तरी चाले. मी हसत नाही हे त्यांना माहीत होते. माझ्या भुवईवर त्यांचा भर होता.

"पोरांचा पिक्चर मोठ्यांना शिक्षा आस्तो," ते म्हणत, "आन् मोठ्यांचा पिक्चर पोरांना शाळा. हाप तिकीट आन् फुल तिकीट येकाच गाडीनं जायाला पायजे. दोगांची खिडकी येकच. पोरगं झाडं मोजतं, म्हातारं जमिनीचा भाव मोजतं. पन बगत्यात येकाच खिडकीतनं."

हे ऐकायला चांगले आहे. प्रत्यक्षात त्यांची निवड अनेकदा फसे, हेही सांगितले पाहिजे. विनोदी म्हणून त्यांनी आणलेल्या एका चित्रपटात शेवटी सगळे मरतात. गुरुवारी सईचे डोके दुखले म्हणून शेवट पारखायचा राहिला होता. परदेशी बोलक्या सशांचे त्यांना वावडे होते. "सशाला कोट-पँट आन् हिरॉइनीला कायबी न्हाई, आसं कुटं आस्तंय?" असे म्हणून त्यांनी असे सगळेच चित्रपट एका दमात बाद केले. मुले आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाहीत. शिवाय ते हुकूमशहा होते. पेल्यावर चमच्याचा एक ठोका म्हणजे थांबा, गप्प बसा, दोन ठोके म्हणजे चित्रपट सोडा. चटईवर पाय पसरणाऱ्याला ते "म्होरं सरका, मागनं मानसं येत्यात" असे सांगत, मागे कोणी नसले तरी. कुरकुरीत खाणाऱ्या एका पाहुण्या जावयाला त्यांनी पुडीसकट उठवून तलावाच्या काठी बसवले. जावई पुन्हा आमच्या गृहसंस्थेत आले नाहीत. सासऱ्यांनी तात्यांचे आभार मानले.

आणि सूप. त्याची कीर्ती झाली तसे पालकांचे आक्षेपही धीट झाले. चित्रपट वगळला जाणार नाही म्हटल्यावर मागायला संकोच कशाचा? एका शनिवारी तात्यांना आधीच सांगून ठेवण्यात आले: मारामारी झाका. मग, रडणे झाका, आमची लगेच रडते. मग, केक झाका, आमच्याकडे साखर बंद आहे. मग कोणीतरी म्हणाले, त्यातला श्रीमंत बंगलासुद्धा झाका, मुले घरी येऊन विचारतात. तात्यांनी सगळ्यांना "व्हय" म्हटले. दोन ठोके पडले, चित्रपट सुटला, आणि बंगला पहिल्याच दृश्यात असल्यामुळे सूप वर गेले. ते पौडपर्यंत खाली आले नाही. आम्ही सर्वांनी मिळून सूप पाहिले. आवाजावरून मुलांनी कथा रचली, मोठ्यांनी ती सुधारली, आणि एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने खलनायकाचा मृत्यू इतका रंगवून सांगितला की त्याला टाळ्या पडल्या. मुख्य म्हणजे एकही आक्षेप आला नाही. सौ. काळे मला म्हणाल्या, "काका, खरं सांगू का? आजचा मूव्ही बेस्ट होता." मी त्यांना दुरुस्त केले नाही.

संजय मात्र त्या दिवशीही भूगावला उतरला.

त्या रविवारी तात्या फाटकापाशी आले, पण हिशेब दिला नाही. रस्त्याकडे तोंड केले. मग म्हणाले, "साहेब, त्येला उठायला मीच शिकवलाय."

त्यांनीच सांगितले. संजय पहिलीत असताना पौडच्या उरुसात तंबूतला सिनेमा आला होता. तात्यांची मुक्कामाची गाडी संध्याकाळी निघायची होती. मध्ये वेळ होता. पोराला घेऊन ते तंबूत बसले. चित्रपटात एक म्हातारा होता, एक पोरगा होता आणि त्यांची एक म्हैस. म्हैस हरवते. दोघे तिला शोधत गावोगाव हिंडतात. म्हैस सापडायच्या आत गाडीची वेळ झाली. तात्यांनी पोराचा हात धरून त्याला ओढत बाहेर काढले आणि पहिल्या बाकावर बसवले.

"पौड ते मुळशी रडतुया. तात्या, म्हस घावली का? तात्या, म्हस घावली का? गाडी गच्च. मी तिकिटं फाडतुया. फाडता फाडता म्हनलं, घावली. तवा गप झाला."

"घावली होती का?" मी विचारले.

"मला काय ठावं? मी बी तितंच उतरलो की."

तो चित्रपट त्यांना हवा होता. नाव आठवत नव्हते. म्हातारा, पोरगा आणि म्हैस एवढ्या भांडवलावर सौ. काळे यांनी तो कुठल्याशा संकेतस्थळावरून शोधून काढला. त्यांच्याविषयी माझे मत मी त्या दिवशी थोडे बदलले. चित्रपट काळा-पांढरा, जुना, ओरखडे पडलेला. गृहसंस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर म्हशीला आक्षेप आला नाही. एकाने फक्त म्हैस देशी आहे का, असे विचारले.

गुरुवारी परीक्षा झाली. सई सारखी पाणी प्यायला उठत होती. मी मुळशीच्या आसपास झोपलो आणि शेवट झाल्यावर जागा झालो. चित्रपट दोन्ही बाजूंनी नापास होता. तात्यांनी स्टूल उचलून ठेवले आणि म्हणाले, "शनवारी ह्योच लावायचा."

"नियम तुमचाच आहे," मी म्हणालो.

"म्हनून तर मोडतुया. दुसऱ्याचा मोडला आस्ता का?"

शनिवारी संजय नेहमीप्रमाणे सईशेजारी येऊन बसला आणि फोनमध्ये डोके घातले. कोणता चित्रपट आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते. दोन ठोके पडले. पडद्यावर म्हैस आली, रवंथ करत उभी राहिली. संजयने मान वर केली. मग तात्यांकडे पाहिले.

"तात्या... ही ती म्हस हाय?"

"माज्याकडं काय बगतुयास? म्होरं बग."

भूगाव गेले. पिरंगुट गेले. पौडला संजय घरात गेला नाही. सईसाठी भाजलेले कणीस घेऊन धावत परत आला. सई पाणी मागायला विसरली होती, कारण बापच तिला कानात गोष्ट सांगत होता: आता ते घाटात जाणार, आता म्हाताऱ्याचा पाय मुरगळणार. पायरीवर तात्या अगदी ताठ बसले होते. मुळशी आली. आणि मुळशीला फोन वाजला.

संजयने तो बंद केला. पुन्हा वाजला. त्याने पडद्याकडे पाहिले, फोनकडे पाहिले. "मोठी पार्टी हाय, बाळा. आलोच," असे सईला म्हणाला आणि वाकून फाटकाकडे गेला.

पेल्यावर एकच ठोका पडला. सूप वर गेले.

"गाडी थांबलीया," तात्या अंधारात म्हणाले. "येक पॅसेंजर खाली उतरलाय. त्यो यीस्तवर गाडी हालनार न्हाई."

सूप धरल्याने चित्रपट थांबत नाही, हे त्यांना आमच्या सर्वांहून चांगले ठाऊक होते. पण रागावलेल्या कंडक्टरच्या हातात घंटीखेरीज काय असते? चित्रपट सुपाआड चालत राहिला. घाटातला वारा ऐकू आला. म्हाताऱ्याचा खोकला. मग गळ्यातली घंटा, लांबून, मग जवळून. पोराची किंकाळी. आणि म्हशीचा एक दीर्घ हंबरडा.

त्या हंबरड्याने फाटकापाशी उभा असलेला संजय धावत आला. तात्यांनी सूप खाली घेतले. पडद्यावर "समाप्त" अशी अक्षरे होती.

"पप्पा, म्हैस सापडली का?" सईने विचारले.

संजयने तात्यांकडे पाहिले. तात्या सूप हातात धरून उभे होते.

"सापडली," संजय म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर गेटवर होतात."

सौ. काळे चटकन म्हणाल्या, "अहो तात्या, मी दोन मिनिटं मागे घेते ना, त्यात काय!"

"न्हाई," तात्या म्हणाले. "पॅसेंजरनं उडी मारली म्हनून गाडी मागं घेऊन ठेसन दाखवत न्हाईत."

संजय सईशेजारी चटईवर बसला. मग म्हणाला, "तर मंग फुडल्या शनवारी परत सोडा. स्वारगेटपासनं."

"तिकीट कोन काढनार?"

"मी काढतो. दोन फुल, येक हाप."

"मी हाफ नाही," सई म्हणाली.

आठवडाभर गटावर वादळ झाले. तोच चित्रपट लागोपाठ दाखवणे धोरणात बसत नाही. धोरण कोणते, ते कोणी सांगेना. एकाने प्रतिनिधित्वाचा मुद्दा काढला: म्हशीला दोन शनिवार, मग इतर प्राण्यांचे काय? शेवटी सौ. काळे यांनी लिहिले, "मला तो शेवट सगळ्यांबरोबर पाहायचाय." त्यावर कोणाचा आक्षेप आला नाही. माझ्या माहितीत आमच्या गृहसंस्थेने एकमताने घेतलेला हा एकमेव निर्णय.

त्या शनिवारी संजय सर्वांच्या आधी चटई घेऊन आला. पायरीपाशी गेला आणि फोन तात्यांच्या सुपात ठेवला. तात्यांनी वर पाहिले नाही. पेल्यावर दोन ठोके दिले.

फोन पौडच्या आधी थरथरू लागला. बांबूच्या सुपात तो आवाज मोठा होतो. तात्यांनी सूप मांडीवर किंचित हलवले, कोंडा बाजूला करावा तसे. मुळशी आली. पार्टी सुपात थरथरत होती. संजय हलला नाही. सई त्याच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसली होती. बापलेकीची तोंडे एकाच वेळी उघडत होती आणि एकाच वेळी मिटत होती. पडद्याचा उजेड दोघांवर सारखाच पडत होता. घंटा वाजली. हंबरडा ऐकू आला. सईने उडी मारली. संजयने मान खाली घातली, डोळ्यांवरून मनगट फिरवले आणि पुन्हा वर पाहिले. सारी हिरवळ टाळ्या वाजवत होती. तात्या पडद्याकडे वळले नाहीत.

पुढच्या शनिवारी चित्रपट झाला नाही. तात्या बुधवारी झोपेत गेले. त्याविषयी अधिक लिहायचे नाही. मी त्यांना शेवटचे पाहिले ते म्हशीच्या त्या दुसऱ्या शनिवारी. लोक चटया गुंडाळत होते. "ताम्हिनी," असे म्हणून त्यांनी पेला मेजावर पालथा घातला. माझ्या खुर्चीपाशी आले, इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणून विचारले,

"साहेब, म्हस घावली का वो?"

परीक्षेच्या गुरुवारी मी झोपलो होतो. त्यानंतरच्या शनिवारी सूप होते. आणि या शनिवारी, गाडी ताम्हिणीला लागत होती तेव्हा, मी तात्यांकडे पाहत होतो.

"घावली," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, सूप काखेखाली न घेता पुढे धरले आणि आपल्या दाराकडे निघाले. संजय सईला खांद्यावर घेऊन केव्हाच गेला होता. सुपात त्याचा फोन अजून थरथरत होता. तो मागायला कोणी परत आले नाही.